बिनकिल्लीची गाडी

गाडीच्या मागच्या बाकाखाली हाडं सापडली, तेव्हा सिस्टरला ओकारी आली. तशी ती ओकारीबिकारीची बाई नव्हे. दवाखान्यात दिवसभर पू, रक्त, उलट्या निस्तरायच्या आणि घरी येऊन स्वस्थपणे चार घास खायचे, अशी तिची रीत. माणसाच्या अंगातून जे म्हणून बाहेर येतं त्याची तिला कधी शिसारी आली नाही. पण ही हाडं पेशंटची नव्हती. कर्नलसाहेबांच्या आदल्या दिवशीच्या पार्टीत कुणीतरी चघळून बाकाखाली भिरकावलेली होती. शेजारी सिगारेटची थोटकं, सांडलेल्या बाटलीचा चिकट ओघळ, आणि वास दबावा म्हणून त्या सगळ्यावर भसाभसा मारलेलं अत्तर. आणि हे सगळं कुठे? तर ज्या गाडीतून बाळंतिणी न्यायच्या होत्या, त्या गाडीत!

"ड्रायव्हरकाका, फिनेल आणा," ती म्हणाली. "आणि माझ्याशी एक अक्षर बोलू नका."

"मी कुठे काय बोललो?" ड्रायव्हर म्हणाला. "माझी तर वाचाच बसलीय."

आता कर्नलसाहेब कोण, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटायचं, खरंच कुठली लढाई मारून आलेला माणूस आहे. हा सिस्टरचा सख्खा मोठा दीर. गावात रंगाचं दुकान. जन्मात हाती धरलेलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे डब्याचं झाकण उचकटायची पट्टी. सैन्याशी संबंध एवढाच, की गावाच्या मदत मंडळाने सैन्यातून काढून टाकलेली एक गाडी लिलावात घेतली, आणि त्या मंडळाचा हा अध्यक्ष. गाडी दारात आली आणि अध्यक्षांच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांची लष्करी पँट चढली. मग टोपी आली, मग करकर वाजणारे बूट आले. ड्रायव्हरने एकदा चेष्टेत "या कर्नलसाहेब" म्हटलं. दुसरा कुणी असता तर लाजून चूर झाला असता. यांनी मान तुकवून ते स्वीकारलं, आणि तेव्हापासून त्याच नावाला ओ देऊ लागले. गावही असं गुणी, की थट्टा कधी संपली आणि मान कधी सुरू झाला, कुणाला कळलंसुद्धा नाही.

गाडी घ्यायची कल्पना मुळात सिस्टरची. गावाच्या वर, डोंगराच्या पोटात एक वस्ती आहे. डांबरी रस्ता पाण्याच्या टाकीपाशी संपतो, पुढे चढ आणि चिखल. इस्पितळाची रुग्णवाहिका टाकीच्या पुढे जात नाही, आणि तिचंही खरंच आहे, त्या चिखलात ती बिचारी जाणार कशी? वस्तीवरची बाई अडली की तिला दार उपटून त्यावर निजवायचं आणि चौघांनी उतरवायचं. कधी वेळेवर पोचायची, कधी नाही. सिस्टरने हे किती वर्षं बघितलं ते तिलाच माहीत. मग तिला कुणीतरी सांगितलं, सैन्य आपल्या जुन्या गाड्या विकून टाकतं. उंच असतात, चारही चाकांनी ओढतात, चिखल म्हणजे त्यांना अंगण. ती घरोघर हिंडली. लोकांच्या मागे लागून लागून तिने वर्गणी काढायला लावली. शेवटी "ही बया पिच्छा सोडायची नाही" म्हणून का होईना, मंडळ तयार झालं.

लिलावाच्या आवारात ती स्वतः गेली होती. दीर, ड्रायव्हर आणि ती. केवढं ते आवार! ओळीने उभ्या गाड्या, चाकांच्या मधून गुडघाभर गवत, एकीच्या फुटक्या दिव्यात पाखराने घरटं केलेलं. आहे तशी, आहे तिथून उचलायची, नंतर तक्रार चालायची नाही. ड्रायव्हरने चार-पाच गाड्यांच्या पोटाखाली लोळून एक निवडली. तिच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना स्ट्रेचर अडकवायच्या पकडी होत्या. सिस्टरने त्या हाताने ओढून बघितल्या, हलेनात. तिला इतका आनंद झाला, की दिरासमोर आपण हसतोय हेही ती विसरली.

"हिची किल्ली?" दिराने विचारलं.

"किल्ली नसते हिला," आवारातला जवान म्हणाला. "हा खटका वर करायचा, हे बटण दाबायचं, निघायचं. ऐन वेळी किल्ली कुणाच्या खिशात आहे ते हुडकत बसायचं का? जो जवळ असेल तो बसतो आणि घेऊन जातो."

सिस्टरने खटका वर केला, बटण दाबलं. गाडी खाकरली, काळा धूर ओकली आणि सुरू झाली. तिला वाटलं, हेच, अगदी हेच तर हवं होतं आपल्याला! गावात कुणीही असो, कुठलीही वेळ असो, बसायचं आणि निघायचं. दिराचं तोंड मात्र उतरलं होतं.

"किल्लीच नाही?" तो पुन्हा म्हणाला. "मग गाडी कुणाची, हे लोकांना कळायचं कसं?"

सिस्टरने ते हसण्यावारी नेलं. नको होतं न्यायला, पण माणूस आनंदात असला की त्याचे कान काम करत नाहीत.

गावात आल्यावर चार दिवसांच्या आत अध्यक्षांनी स्टिअरिंगभोवती साखळी आवळली आणि तिला हाताच्या पंजाएवढं कुलूप ठोकलं. आता गाडीला किल्ली आली आणि किल्ली कर्नलसाहेबांच्या खिशात गेली. का, तर म्हणे सार्वजनिक वस्तूला शिस्त हवी. त्या जुन्या मळकट हिरव्या रंगावर दुकानातला चकचकीत हिरवा रंग चढला, इतका चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. स्ट्रेचरच्या पकडी काढून भंगारात घातल्या आणि तिथे लाल रेक्झिनचा बाकासारखा सोफा बसवला, वर पांढरा अभ्रा. दवाखान्याच्या दारात गाडी उभी असायची ती नुसती शोभेला. हालायची ती लग्नाच्या वरातीत, दुकानाच्या उद्घाटनाला, नाहीतर कर्नलसाहेब मित्रमंडळींना घेऊन तळ्यावर जायचे तेव्हा. पुढच्या सीटवर छाती काढून बसायचे, आणि रस्त्यातली शहाणीसुरती माणसं त्यांना सलाम ठोकायची. सलाम! रंगवाल्याला! सिस्टरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरीही सुटका नव्हती. घर एकच, वरच्या मजल्यावर थोरली पाती, खाली धाकटी. सकाळी जिन्यात बसून जाऊबाई नवऱ्याचे बूट चमकवत असायच्या.

"अगं, जरा हसून बोलत जा गं त्यांच्याशी," जाऊबाई म्हणायच्या. "माणूस गोड आहे. एवढं गोडीने मागितलंस तर किल्ली देतीलही."

"औषध कुणी गोडीने मागतं का, वहिनी?"

"तुझं हेच. सगळीकडे दवाखाना."

सिस्टरचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक चाकांत डोकं घालून बसणारा माणूस, भावापुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. "दादा मनाने वाईट नाही," एवढं एक वाक्य त्याने पाठ करून ठेवलं होतं. ती चिडली की तो ते म्हणायचा, आणि ती आणखी चिडायची.

असं चालू होतं. सिस्टर बाकाखालची घाण काढायची, फिनेल ओतायची, आणि वाट बघायची, की कधीतरी खरी गरज पडेल तेव्हा हा माणूस शरमेने तरी किल्ली काढील. तिची ही आशा किती खुळी होती, ते तिला एका दुपारी समजलं.

पाऊस आठवडाभर लागून राहिला होता. वस्तीवरच्या गवंड्याचा फोन आला. त्याची बायको पहिलटकरीण, आणि दिवस अजून भरायचे होते.

"सिस्टर, पाय दिसतोय," तो म्हणाला. "डोकं नाही. पाय."

सिस्टरने आवाज जागच्या जागी ठेवला. पायाळू मूल. जाणता हात असेल तर सुटतं, नाहीतर डोकं आत अडकतं आणि मग हाती काही राहत नाही. "हे बघ," ती म्हणाली, "तिला हलवू नकोस. ओढू तर अजिबात नकोस. पडून राहू दे. मी निघाले. गाडी दारातच आहे."

गाडी दारातच होती. धुतलेली, पुसलेली, साखळीत.

ती भर पावसात घरी धावली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. जाऊबाई दारात आडव्या.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठवलं की दिवसभर डोकं फिरतं, तुला माहितेय ना?"

"वहिनी, बाई मरेल!"

"हळू बोल की मग जरा."

ऐकलंत? हळू बोल! सिस्टरने जावेला खांद्याला धरून बाजूला केलं आणि आत घुसली. कर्नलसाहेब पलंगावर उताणे होते. ती ठिपक्यांची पँट घालूनच झोपले होते, झोपेतही लढाई चालू असावी. दोन हाकांत उठले नाहीत. तिसऱ्या हाकेला उठले, बसले, जांभई दिली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? बायकोला म्हणाले, "चहा टाक."

सिस्टरने एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत होते, निदान तोंड तिच्याकडे होतं.

"वरच्या वस्तीवर?" ते म्हणाले. "या चिखलात? तुला वेडबिड लागलंय का? परवा नव्या पुलाचं उद्घाटन आहे, बडे पाहुणे यायचेत, आपली गाडी पुढे चालायचीय. कालच पॉलिश झालंय."

"भावजी, ती गाडी चिखलासाठीच घेतलीय."

"हे बघ, मार्ग असा काढ की सापही मरेल आणि..." त्यांनी पुढचं जांभईत गिळलं. "म्हणजे, मी काही नाही म्हणत नाही. त्यांना म्हणावं, बाईला डांबरीपर्यंत उतरवा. टाकीपाशी मी स्वतः गाडी घेऊन येतो. जातीने येतो. मग तर झालं?"

"तिला हलवायचं नाहीये! पाय बाहेर आलाय मुलाचा!"

"ओरडू नकोस. घरात ओरडलेलं मला चालत नाही."

आणि त्यांनी खिशावर हात ठेवला, किल्ली आहे ना ते बघायला. सिस्टरच्या मनात आलं, हिसकावून घ्यावी. पण दिराच्या पँटच्या खिशात हात कसा घालायचा? एवढी एक लाज आडवी आली आणि ती मागे फिरली. त्या लाजेचीही तिला नंतर किळस आली.

दवाखान्यापाशी ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. तिचा चेहरा बघून त्याने काही विचारलं नाही, समोरच्या लोखंडाच्या दुकानात गेला आणि लोखंड कापायची हॅक्सॉ मागितली. दुकानदाराने दिली, पण वर म्हणाला, "मी दिली असं कुठे बोलू नका हं." औषधवाला छत्री घेऊन आला. त्याने साखळीकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं. "जरा दमानं घ्या, सिस्टर. साहेब उठलेत म्हणता ना? मग येतीलच की. उगाच मंडळाच्या वस्तूचं नुकसान कशाला?" हळूहळू दहा-पंधरा माणसं जमली. वळचणीला उभी राहून, अंग भिजू न देता, सगळी बघत होती. त्यातल्या निम्म्यांनी या गाडीसाठी वर्गणी दिलेली. एकानेही हात लावला नाही. "कर्नलसाहेब खवळतील," असं जो तो दुसऱ्याला सांगत होता, जसं काही ते दुसऱ्याला माहीतच नव्हतं.

साखळी कापता कापेना. बाळंतिणींसाठी मंडळाकडून साधा कापूसही कधी वेळेवर मिळाला नव्हता, पण साखळी मात्र दुकानातली सगळ्यात जाड आणली होती. ड्रायव्हर दमला की सिस्टर कापायची, तिच्या तळहाताला फोड आले की ड्रायव्हर. पातं तुटलं, दुसरं लावलं. शेवटी कडी उघडली. ड्रायव्हरने साखळी ओढून रस्त्यावर फेकली, खटका वर केला, बटण दाबलं.

आणि काय चढली ती गाडी! टाकीपाशी डांबर संपलं, ड्रायव्हरने दांडा ओढला, पुढची चाकं जोर धरून ओढायला लागली आणि तिने तो चिखल बाजूला सारला. घसरली नाही, अडली नाही. एवढं बळ त्या गाडीच्या अंगात होतं, आणि आपण तिला वरातीत नाचवत होतो! सिस्टरला रडू आलं ते रागाने. "काका, दाबा," ती म्हणत होती, "दाबा, दाबा."

दुसऱ्या वळणावर समोरून माणसं येताना दिसली. चौघांच्या खांद्यावर दार. दारावर बाई, वर प्लास्टिकचा कागद.

"का हलवलंत?" गाडीतून उडी टाकतानाच सिस्टर ओरडली. "मी सांगितलं होतं ना, हलवू नका म्हणून?"

"अध्यक्षांचा फोन आला," गवंडी म्हणाला. त्याला धाप लागली होती. "म्हणाले, सिस्टर येणार नाही, गाडी वर येणार नाही. डांबरीपर्यंत आणा. लवकर आणा म्हणाले."

मूल वाटेतच मानेपर्यंत बाहेर आलेलं होतं. दार हिंदकळत होतं, कुणाला काय करायचं ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहिलं होतं. सिस्टरने चिखलात गुडघे टेकून ते सोडवलं. मुलगी होती. तिने तिचं नाक-तोंड पुसलं, फुंकर घातली, छाती दोन बोटांनी दाबली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. ड्रायव्हरने वर कागद धरला होता आणि तोंड फिरवलं होतं. मुलीचं अंग अजून गरम होतं. तेवढंच. सिस्टर कितीतरी वेळ थांबली नाही. मग बाईचं रक्त जायला लागलं आणि तिला थांबावं लागलं, कारण आता निदान ही तरी हातची जाऊ द्यायची नव्हती. लाल सोफ्यावर बाईला निजवलं. गवंडी मुलीला घेऊन पायाशी बसला. गाडी आली तशीच सुसाट खाली गेली, गावातून गेली, कुठे थांबली नाही, आणि इस्पितळात बाई वाचली.

परवाच्या उद्घाटनाला गाडी गेली नाही. सोफ्यावरचा डाग निघाला नाही. गाडीला नवी साखळी आणि नवं कुलूप मात्र लगेच लागलं. आणि त्याच आठवड्यात मंडळाची सभा भरली. कशासाठी भरली असेल? मूल गेलं त्यासाठी? छे! साखळी कापली त्यासाठी.

मंडळाच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, वर एक कुरकुरता पंखा, आणि भिंतीवर गाडीसमोर हाताची घडी घालून उभ्या कर्नलसाहेबांचा फोटो. त्याच फोटोखाली ते बसले होते. टेबलावर कापलेली साखळी मांडून ठेवली होती, चोरीचा माल मांडतात तशी. सगळं गाव जमलं होतं. चार लोकांत कर्नलसाहेब भावजयीला अहोजाहो करायचे.

"सिस्टर, तुम्ही घरच्या म्हणून मी तुम्हाला सूट देणार नाही," ते म्हणाले. "शिस्त ती शिस्त. कुलूप तोडलंत. गाडी विनापरवाना नेलीत. सोफ्याची वाट लावलीत. उद्या दुसरा कुणी उठेल आणि नेईल."

"न्यायलाच हवी कुणीही!" सिस्टर म्हणाली. "मूल गेलंय, भावजी. तुम्ही फोन करून त्या बाईला हलवायला लावलंत."

क्षणभर तिला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. लोखंडवाला बुटाकडे बघत होता. औषधवाला पंख्याकडे.

"फोन केला म्हणून तर पेशंट तुम्हाला अर्ध्या वाटेत मिळाला," कर्नलसाहेब म्हणाले. आवाजात जरासुद्धा चुळबूळ नाही. "नाहीतर वर पोचेपर्यंत बाईही गेली असती. माझ्या फोनने एक जीव वाचलाय, हे कुणी बोलणार नाही. मीही बोललो नसतो. पण विषय निघाला म्हणून."

आणि दोन-चार माना हलल्या, होकारार्थी! बाकाखालच्या हाडांनी आली होती त्याहून वाईट ओकारी सिस्टरच्या घशाशी आली. हा माणूस आपल्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, आपण याच्या ताटाला ताट लावून जेवतो, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात तिचा नवरा उभा राहिला. तो सभेत बोलायला उभा राहील, असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यालाही वाटलं नसावं.

"दादा, एक सुचवू का?" तो म्हणाला. "हिने चुकलं म्हणावं. सगळ्यांसमोर. आणि तू कुलपाची एक किल्ली दवाखान्यात दे. कायमची. म्हणजे पुन्हा असं व्हायला नको."

कर्नलसाहेबांनी विचार केल्यासारखं केलं. "चालेल," ते म्हणाले. "माझं मन मोठं आहे. म्हणू दे तिला."

"मी मेले तरी म्हणणार नाही," सिस्टर म्हणाली. नवऱ्याकडे तिने असं बघितलं, की तो मटकन खाली बसला.

दारात गवंडी येऊन उभा राहिला होता. खांदे पडलेले, दाढी वाढलेली. लोकांनी त्याला वाट करून दिली. सिस्टरला वाटलं, आला! आता हा बोलेल. बापाचं तोंड कुणी कसं बंद करील? तो सरळ टेबलापाशी गेला, साखळीवरून हात पुढे करून त्याने कर्नलसाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि वाकला.

"तुमच्या गाडीने माझी बायको वाचली, साहेब," तो म्हणाला. "उपकार झाले."

कर्नलसाहेबांनी डोळे पुसले. खरंच पुसले! मग त्यांनी गवंड्याच्या पाठीवर थाप मारली आणि सभेकडे बघितलं, बघा म्हणून. गवंडी आणखी एकदा वाकला, वळला आणि आला तसा निघून गेला.

सिस्टर त्याच्यामागे धावली. बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"तू त्याचे हात धरतोस? त्याचे? फोन कुणी केला होता, विसरलास?"

"विसरेन कसा?" गवंडी म्हणाला.

"मग? गाडी दारात होती. मी निघाले होते. त्याने किल्ली दिली असती तर तुझी पोरगी..."

"माहीत आहे, सिस्टर." त्याने हळूच दंड सोडवून घेतला. "सगळं माहीत आहे मला. त्या दिवसापासून रोज सकाळी उठतो ते त्याचा गळा दाबायचा म्हणूनच उठतो. पण माझी बहीण आहे वर. तिलाही सातवा सरत आलाय. तिची वेळ आली की मला याच्याच दारात यायचंय. आज शिव्या घातल्या तर त्या दिवशी तो दार उघडेल का?"

सिस्टरने तोंडावरचं पाणी पुसलं.

"तुम्ही भांडा. तुमचं चुकीचं नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही खाली राहता. आम्ही वर राहतो." आणि तो पावसात चालू लागला.

ती पायरीवर उभी राहिली. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते, सभा उठायच्या बेतात होती. कुणीतरी विनोद केला असावा, माणसं हसत होती. गावाची, दिराची, नवऱ्याची तिला सारखीच घाण वाटत होती. आता जे करायचं ठरवलं होतं त्याची तर सगळ्यात जास्त. ती आत गेली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

हसणं थांबलं. कर्नलसाहेब खुर्चीत मागे रेलले. "मागच्यांना ऐकू आलं नाही, सिस्टर."

"चुकलं माझं!"

"कशाबद्दल ते सांगा. म्हणजे लोकांना समजेल."

"साखळी कापली, त्याबद्दल," सिस्टर म्हणाली आणि हात पुढे केला.

कर्नलसाहेबांनी सावकाश पँटच्या खिशात हात घातला, जुडगा काढला, त्यातून नव्या कुलपाची एक किल्ली सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली. हॅक्सॉचे फोड अजून सुकले नव्हते. किल्ली त्यांच्या मांडीशी राहून कोमट झाली होती, जराशी ओलसरही. तिला शिसारी आली, तरी तिने मूठ घट्ट मिटली.